स्टेशनच्या तोंडाशी जॉयस्टिकनं मान टाकली: पॉट गेलंय का केबल?

उद्यमनगरचा_वैमानिक
शनिवार, रात्री १:४०

मंडळी, झोप येईना म्हणून लिहायला बसलोय.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका जॉबवर्कच्या शॉपवर सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशिन) चालवतो. सेकंड शिफ्ट सुटली की घर, भाकरी, आणि मग 'एलीट डेंजरस', म्हणजे अंतराळात जहाज उडवायचा कॉम्प्युटर गेम. गेम २०१४ चा आहे, मी चार वर्षांपासून खेळतोय. लढाई-बिढाई आपल्याला जमत नाही. आपलं काम भटकायचं. आत्ताची फेरी सहा आठवड्यांची होती. आकाशगंगेच्या मध्याकडं, सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराच्या दिशेनं निघालो होतो. तो इथनं सुमारे २६,००० प्रकाशवर्षं, तिथवर काय पोचलो नाही, अर्ध्या वाटेवरनं वळलो. पण चारशेच्या वर ताऱ्यांची मोजणी करून आणली होती आणि त्यातले बरेच असे, की माझ्या आधी तिथं कुणी गेलंच नव्हतं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अशा ताऱ्यावर 'पहिला शोध' म्हणून आपलं नाव लागतं, पण कधी? डेटा परत आणून विकला तर. वाटेत जहाज फुटलं की डेटा गेला. जहाज विम्यात परत मिळतं, किमतीच्या ५ टक्के भरायचे. डेटाचा विमा नसतो.

तर आज रात्री पावणेएकला स्टेशनासमोर आलो. कोरिओलिस जातीचं स्टेशन, स्वतःभोवती फिरणारं, आणि एका अंगाला पोस्टाच्या पेटीसारखी फट. साडेसात किलोमीटरच्या आत येऊन परवानगी मागितली, पॅडचा (उतरायच्या जागेचा) नंबर मिळाला. स्टेशनच्या फिरण्याला जुळवत रोल देत देत आत शिरलोय, वेग साठ-सत्तर, सगळं नेहमीसारखं. आणि नाक आपोआप डावीकडं.

काठीला (म्हणजे जॉयस्टिकला) उजवा पीळ दिला, आलं सरळ. सोडलं, परत डावीकडं. तेवढ्यात कॉम्प्युटरनं तो आवाज केला, टु-डुंग. यूएसबी काढल्यावर येतो तो. यूएसबीला मी हातही लावला नव्हता. काठी माझ्या हातात, आणि हातात नुसती काठीच.

जहाज शेवटचा हुकूम धरून बसलं आणि डावीकडं वळतच राहिलं. कीबोर्डवर धाव घेतली, तर सगळ्या कीज मी दुसऱ्याच कामांना लावलेल्या. आपल्याकडं काठी आहे म्हटल्यावर कीबोर्ड कशाला, ही मस्ती. केबल उपसून परत घातली. विंडोजनं ओळखली, गेमनं ओळख दाखवली नाही. तोवर जहाज फटीत आडवं. स्टेशनवाली बाई आधी गोड आवाजात, मग कडक आवाजात, रस्ता अडवू नका. मग तोफा.

मशिनवर अशी बोंब झाली असती तर इमर्जन्सी दाबून मोकळा झालो असतो. इथं इमर्जन्सी कुठाय?

आई आतनं म्हणाली, "काय फुटलं रं?" म्हटलं, जहाज. म्हणाली, "मग आता तरी झोप."

आता मुद्द्याचं. काठी तीन वर्षांची. पुढं-मागं आणि डावी-उजवी ही हालचाल चुंबकाच्या सेन्सरवर आहे असं खोक्यावर लिहिलंय, पण पीळ (म्हणजे यॉ) साध्या पॉटवर (रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असतो तसला फिरता रोधक) असावा. डावीकडं ओढायचं दोन आठवड्यांपासून सुरू होतं. मी काय केलं, तर डेडझोन (मधली हालचाल गेमनं मोजायचीच नाही तो पट्टा) वाढवत गेलो. पाच टक्के, आठ, बारा. आठवड्यापूर्वी न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात शिरलो होतो (त्यात शिरून ड्राइव्ह (ताऱ्यावरनं ताऱ्यावर उडी मारायचं इंजिन) भरून घेतला की एका उडीची मजल चौपट होते), तेव्हाही नाक असंच भरकटलं होतं. पण झोतात जहाज गदगदतंच, म्हणून मी झोतावर ढकललं. टु-डुंग मात्र गेल्या महिन्यात दोनदाच झालं, दोन्ही वेळा जहाज नुसतं उभं होतं, म्हणून मनावर घेतलं नाही.

हवा म्हणाल तर तीन दिवस पाऊस खंडलेला नाही. पंचगंगा इशाऱ्याच्या ३९ फुटांकडं निघालीय आणि घरात काडेपेटी पेटत नाही. त्या ओलीचा काही संबंध?

वॉरंटी संपलीय. कंपनीचं नाव काढत नाही, उगाच इथं भांडण नको. उघडू का? पॉट गेलंय का केबल?


पुणे३०_पायलट
शनिवार, सकाळी ९:०५

वाईट वाटलं. पण तीन वर्षं झालेली पॉटवाली काठी दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. सर्व अक्षांना हॉल (चुंबकाचा) सेन्सर असलेली घ्या आणि विषय संपवा.

दुसरं, तुमच्या जहाजावर डॉकिंग कॉम्प्युटर नव्हता का? परवानगी मिळाल्यावर थ्रॉटल (वेगाचा दांडा) शून्यावर आणला की तो ताबा घेतो आणि जहाज स्वतः पॅडवर नेऊन ठेवतो. सहा आठवड्यांचा डेटा पोटात घेऊन हाताने आत शिरणे हा अट्टाहास कशासाठी, हे मला समजलेले नाही.


उद्यमनगरचा_वैमानिक
शनिवार, सकाळी ९:४०

नव्हता. हातानं उतरवायची हौस. कोल्हापूरचा माणूस रिव्हर्सला क्लीनर घेत नाही, तशातला प्रकार. आता कळलं.

नवी घ्यायचं म्हणाल तर साहेब, पगार ७ तारखेला. आणि बिघाड काय होता ते न कळता वस्तू फेकली तर मला रात्रीची झोप लागायची नाही. आमच्यात इन्सर्ट (लेथच्या हत्याराचं कापणारं टोक) तुटला तरी का तुटला ते बघूनच दुसरा लावतात.


खरखर_काका
शनिवार, सकाळी ११:२०

वैमानिकराव, मी राजारामपुरीतला. गेममधलं मला काही कळत नाही, नातू खेळतो म्हणून हे पान बघतो. पण पस्तीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केलेत, तेव्हा तुझ्या काठीचं थोडं कळतं.

पहिली गोष्ट. तू विचारलंस पॉट का केबल. लेका, दोन्ही. एका पेशंटला दोन आजार आहेत आणि तू दोन्हींना मिळून एकच नाव द्यायला निघालायस.

नीट बघ. नाक डावीकडं ओढतंय, पण बाकीचं चालतंय, बटणं चालतात, पुढं-मागं चालतं. म्हणजे काठी कॉम्प्युटरला जोडलेली आहे, फक्त एक माहिती खोटी जातेय. हे केबलचं काम नव्हे. केबल तुटली तर एकटा पीळ कसा बिघडेल? सगळंच जाईल. उलट ते टु-डुंग म्हणजे अख्खी काठीच गेली. तो आवाज घाणेरड्या पॉटनं येत नाही. पॉट कितीही सडलं तरी विंडोजला काठी दिसतेच, आकडे वेडेवाकडे येतात एवढंच. तेव्हा टु-डुंगचा गुन्हेगार केबल, नाहीतर वीज, नाहीतर ते यूएसबीचं भोक.

आता पॉट. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खर्र खर्र व्हायचं आठवतं? तुझ्या वयाला नसेल आठवत, आईला विचार. तो आवाजाचा कंट्रोल आणि तुझ्या काठीतला पॉट ही सख्खी भावंडं. आत घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची पट्टी असते. तिच्यावर पितळी जीभ घासत फिरते. पट्टीच्या दोन टोकांना ५ व्होल्ट आणि शून्य, आणि जीभ जिथं असेल तिथला व्होल्टेज म्हणजे तुझी काठी किती पिळली त्याचा आकडा. जिभेखाली धूळ आली, कार्बन झिजला, ओल धरली, की जीभ क्षणभर पट्टी सोडते आणि आकडा उडतो. रेडिओत ती खरखर कानाला ऐकू येते, तुझ्या गेममध्ये ती जहाजाच्या नाकाला ऐकू येते.

आणि झिजतो कुठं? पॉट मुळात ३०० अंशांच्या आसपास फिरतं. तुझी काठी पिळते फार तर ४०-५०. म्हणजे पट्टीचा एवढासा तुकडा रोज घासला जातो, त्यातही मधला जास्त, कारण काठी बहुतेक वेळ मधेच असते. जिथं ती सरळ रहायला हवी नेमकी तिथंच पट्टी गेलेली असते. डेडझोन वाढवणं म्हणजे खरखर ऐकू येऊ नये म्हणून रेडिओवर उशी ठेवणं. तू उशीवर उशी ठेवत गेलास.

ओलीचं विचारलंस. ओलीनं पॉट मरत नाही, पण धूळ कोरडी असते तेव्हा सरकते, ओली झाली की चिकटते. पावसाळ्यात माझ्याकडं खरखरीचे रेडिओ रांगेनं यायचे.

उपाय: काठी उघड, पॉटच्या अंगाला फट असते तिच्यातनं कॉन्टॅक्ट क्लीनर दोन फवारे मार, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीसएक वेळा फिरव, अर्धा तास वाळू दे. दाराच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे मारू नकोस, आठवडाभर झकास चालेल आणि मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होईल. पेट्रोल तर नकोच, प्लास्टिक खाईल.

पट्टी खरंच झिजली असेल तर क्लीनरनं भागणार नाही, पॉटच बदलायचं. तेव्हा पाठीवर काय लिहिलंय बघ. बी १०के असावं, १०के म्हणजे दहा हजार ओहम. बी म्हणजे सरळ चढणारं. दुकानदार रेडिओच्या आवाजाचं ए १०के देईल आणि म्हणेल एकच आहे, घ्या. घेऊ नकोस. ए वाकडं चढतं, कानासाठी केलेलं असतं. ते लावलंस तर काठी मधे ठेवलीस तरी जहाज म्हणेल मी वळालोय.

माझ्याकडं डब्यात बी १०के पडलेत दोन-चार. आठव्या गल्लीत ये.


इचलकरंजीचा_माग
शनिवार, दुपारी २:१५

काका लई भारी. नाद खुळा.

भावा, केबल उघडायच्या आधी वीज बघ, फुकटात होतंय. काठी आणि थ्रॉटल दोन्ही एका हबला (एका पोर्टाचे चार करणाऱ्या डबीला) लावलेत काय? यूएसबी २ च्या पोर्टातनं ५०० मिलिअँपिअर मिळतात. बिनपॉवरचा हब असला तर तेवढ्यातच काठी, थ्रॉटल, माऊस, आणि तुझा मोबाइल चार्जिंगला लावलेला असणारच. काठी थेट मागच्या पोर्टात घाल. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' म्हणून आहे ते बंद कर, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये हबच्या पुढं वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती खूण काढ. जहाज उभं असताना दोनदा गेली म्हणतोस, म्हणजे काठीला हात नव्हता. विंडोजला वाटलं असेल, हे झोपलंय, झोपवूया.

दुसरं, तुझी सेटिंग जपून ठेव. गेम चालू करताना काठी जोडलेली नसली की गेम तुझी ठेवण उचलतच नाही, मूळच्यावर जातो. लोकल ॲपडेटामध्ये फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचं फोल्डर आहे, त्यात एलीट, त्यात ऑप्शन्स, त्यात बाइंडिंग्ज. ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घे. मी एकदा घेतलं नव्हतं. शंभरएक बटणं परत लावताना रडायची पाळी आली होती, आणि तीही दिवाळीच्या सुट्टीत.

आणि कीबोर्ड. प्रत्येक कामाला दोन खाने असतात गेममध्ये. एकात काठी ठेव, दुसऱ्यात की. दोन्ही चालतात. निदान वळणं आणि थ्रॉटल शून्य एवढं तरी ठेव. मूळ गेममध्ये एक्स दाबला की थ्रॉटल शून्य. ती तुझी इमर्जन्सी.


भौतिकी_मास्तर
शनिवार, संध्याकाळी ६:३०

वैमानिक, तुमच्याआधी हा प्रकार खऱ्या यानात झालेला आहे.

१६ मार्च १९६६, जेमिनी ८. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी त्यांचं यान अजेना नावाच्या दुसऱ्या, माणूस नसलेल्या यानाला जोडलं. दोन यानं कक्षेत जोडण्याची ती पहिलीच वेळ. थोड्या वेळानं जोडगोळी आपोआप फिरायला लागली. दोघांनाही संशय आला तो अजेनाचा. म्हणून त्यांनी अजेना सोडून दिलं. आणि फिरणं थांबण्याऐवजी वाढलं, कारण बिघाड त्यांच्याच यानात होता, आणि आता अजेनाचं वजन सोबत नसल्यामुळं यान हलकं झालं होतं. जवळजवळ सेकंदाला एक गिरकी. दिसेनासं व्हायची, शुद्ध जायची वेळ आली होती. आठ क्रमांकाचा थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) चालू स्थितीत अडकलेला होता.

आर्मस्ट्राँगनं काय केलं? ती सगळी थ्रस्टर यंत्रणाच बंद केली आणि पृथ्वीवर परतताना वापरायची म्हणून राखून ठेवलेली वेगळी यंत्रणा चालू करून यान थांबवलं. ती एकदा वापरली की नियमानं लगेच परतायचं, म्हणून मोहीम तिथंच आटोपली आणि त्याच दिवशी ते पॅसिफिकमध्ये उतरले. इचलकरंजीकरांचा दुसरा खाना म्हणजे ती राखीव यंत्रणा. तुम्ही झोतावर संशय घेतलात, त्यांनी अजेनावर.

चुंबकाच्या सेन्सरबद्दल एक. पुणेकरांनी हॉल म्हटलं, तो एडविन हॉल नावाचा विद्यार्थी, १८७९ साली त्यानं हा परिणाम शोधला. वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतो. चुंबक जवळ-लांब झाला की व्होल्टेज बदलतो, कुठं काही घासत नाही, म्हणून झीज नाही. मात्र चुंबक तो चुंबक. तुम्ही लेथवर काम करता, एवढंच आठवण करून देतो. काठी उघडाल तेव्हा तिथंही बघा.


पुणे३०_पायलट
शनिवार, संध्याकाळी ७:१०

मास्तर, उत्तम. माझे 'नवीन घ्या' मागे घेत नाही, पण उघडून बघा असे म्हणतो. फोटो टाका.


उद्यमनगरचा_वैमानिक
रविवार, संध्याकाळी ५:५०

फोटो टाकत नाही, कारण हात काळे होते आणि मोबाइलला आई हात लावू देईना. लिहून सांगतो.

आधी काकांचं ऐकून दोन आजार वेगळे केले. विंडोज आणि आर दाबून 'जॉय डॉट सीपीएल' लिहिलं की काठीची खिडकी उघडते, त्यात प्रत्येक अक्षाचा पट्टा हलताना दिसतो. काठी टेबलावर ठेवली, तिला अजिबात शिवलो नाही, आणि फक्त केबल बोटांत धरून सरकत गेलो. कॉम्प्युटरच्या बाजूनं सुरू केलं. एक वीत, दोन वीत, काही नाही. काठीच्या बुडात केबल शिरते तिथं आलो आणि जरा वाकवली, टु-डुंग. सोडली, टु-डिंग. वाकवली, टु-डुंग. आई म्हणाली, "कोण दारावर आलंय का बघ."

कारणही कळलं. रोज खेळ संपला की मी केबल काठीच्या बुडाला करकचून गुंडाळून कपाटात ठेवतो. तीन वर्षं त्याच एका जागी रोज दुमड. रबर वरनं धड होतं, आत तांबडी वायर तुटली होती, म्हणजे ५ व्होल्टची. टोकं एकमेकांना टेकून होती म्हणून चालायचं. सेंटीमीटरभर तुकडा कापून काढला, चारही वायरी रंगाला रंग जोडल्या, तांबडी, काळी, पांढरी, हिरवी. प्रत्येकीवर हीट-श्रिंकची नळी, आणि आतल्या बाजूला केबलला एक गाठ, म्हणजे ओढ सांध्यावर न येता गाठीवर येईल. मल्टिमीटर बीप करतंय. आता वाकवतो, पिळतो, काही होत नाही.

मग पीळ. पीळाचा पट्टा काठीला हात न लावता मधे उभा रहायला हवा ना, तो डावीकडं टेकून थरथरत होता. पॉटवर काकांनी दिलेला क्लीनर मारला (आठव्या गल्लीत सकाळी जाऊन आलो, चहा आणि शिरा झाला), चाळीस वेळा फिरवला. थरथर थांबली, पण मध्यावर आला की बारीक उडी मारतोच. पाठीवर बी १०के, काका म्हणाले तसंच. मग ते काढलं आणि त्यांच्या डब्यातलं लावलं. पायांत फरक होता, जरा वाकवून बसवलं. आता पट्टा सुतासारखा. डेडझोन बारावरनं तीनवर आणला.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. मास्तर, तुम्ही बोललात ना, चुंबक बघा. आमच्या शॉपवर बहुतेक काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. स्टीलची चीप (कापताना निघणारा कीस) लांब लांब येते, गुंडाळून पडते, झाडलं की झालं. बिडाची चीप येत नाही, पूड होते. काळी, मऊ, नखात, भुवयांत, शर्टाच्या शिवणीत. मी अंघोळ करून खेळायला बसतो, तरी. काठीचा वरचा बूट (म्हणजे आवरण) काढला, आत वाटाण्याएवढा चुंबक, आणि त्याला ही एवढी मिशी! खरंच मिशी, एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, झाडूसारखी टोकं बाहेर आलेली. तीन वर्षं माझ्या हातावरनं एकेक कण आत जाऊन बसला होता. फुंकर मारली तर पूड सरकून चुंबकाच्या दुसऱ्या अंगाला गेली, चुंबक सोडतोय होय. मग चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टेकवत गेलो, टेकव आणि उचल, वीस-बावीस पट्ट्या काळ्या झाल्या.

साफ केल्यावर काठीचा मध्य थोडा सरकला, म्हणजे इतके दिवस मी वाकड्या मध्यालाच सरळ समजून उडत होतो. परत कॅलिब्रेट केलं, म्हणजे मध्य आणि टोकं नव्यानं मोजून दिली. आता खेळायच्या आधी हाताला साबण नाही, आधी तेल चोळून मग साबण. बिडाची पूड तशीच निघते.

पोर्टही बदललं. हबला मोबाइल होताच, इचलकरंजीकर, तुम्ही काय माझ्या घरात बसलाय काय?

डॉकिंग कॉम्प्युटर घेतला. बाण कीजना वळणं लावली. आणि एक्सच्या कीवर लाल इन्सुलेशन टेपचा गोल कापून चिकटवलाय. मशिनवरच्या इमर्जन्सीसारखा दिसतो. भाचा आला होता, त्यानं आधी तोच दाबला.

चारशे ताऱ्यांवर नाव लागायचं राहिलं त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. त्यातला एक होता, कड्यांचा ग्रह आणि त्याला अगदी चिकटून फिरणारा चंद्र, चंद्रावर उतरलं की अख्खं आभाळ कड्यांनी भरायचं. रस्ता मला आठवतोय. परत जाईन आणि परत मोजीन. तोवर दुसऱ्या कुणी तिथं नाव लावलं तर काय, त्याला माहितीय काय मी आधी गेलो होतो ते.


इचलकरंजीचा_माग
रविवार, रात्री ८:२५

बिडाची मिशी! भावा, आमच्याकडं यंत्रमागावर सुताची कापूस-धूळ, ती चुंबकाला लागत नाही एवढंच नशीब. पण तुझं वाचून माझी काठी उघडली आत्ता. आत मुंगी होती. मेलेली. तिचं काय कॅलिब्रेशन करायचं असतं मास्तर?


भौतिकी_मास्तर
रविवार, रात्री ९:००

मुंगी चुंबकीय नसते. चिमट्यानं काढा.


खरखर_काका
रविवार, रात्री ९:४५

वैमानिकराव, जुनं पॉट टाकू नकोस. उद्या शिफ्टच्या आधी घेऊन ये, फोडून पट्टी बघू, मधला तुकडा कसा झिजलाय ते नातवाला दाखवायचंय. आणि येताना क्लीनरचा डबा आण. दोन फवारे म्हटलं होतं, तू अख्खा डबाच घेऊन गेलास.